रक्ती मूळव्याध: मलमाआधी सकाळची वीस मिनिटं

तासगावच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 42. सांगलीत साड्यांच्या दुकानात नोकरी, सकाळी आठची एसटी, घरी यायला संध्याकाळचे साडेसात. धाकट्या मुलाच्या वेळी गरोदरपणात पहिल्यांदा त्रास झाला होता, बाळंतपणानंतर तो थांबला. आता वर्षभर शौचानंतर भांड्यात लालभडक रक्ताचे थेंब पडतात, पण दुखत नाही. कुंथलं की शेंगदाण्याएवढा कोंब बाहेर येतो, उठलं की आपोआप आत जातो. खाज असते. हिमोग्लोबिन 9.4 निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तेव्हापासून खडा होऊ लागला. सासूबाई दर रविवारी केळ्यात कापूर घालून देतात. शेजारीण एका इंजेक्शनात मोड गळून पाडणाऱ्या माणसाचा पत्ता घेऊन मागे लागली आहे. ताई विचारतात, "ऑपरेशन न करता घरी काय करता येईल? कोणतं मलम लावू? तिखट पूर्ण बंद करू का? आणि पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज वाटते, दाखवलंच पाहिजे का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची सगळी उत्तरं त्यावर उभी आहेत. हो, एकदा दाखवलंच पाहिजे. तुम्ही लिहिलेली लक्षणं रक्ती मूळव्याधीचीच वाटतात: न दुखता पडणारं लालभडक रक्त, बाहेर येऊन आपोआप आत जाणारा कोंब. पण आपल्याकडे संडासच्या जागेचं कुठलंही दुखणं मूळव्याध म्हणूनच ओळखलं जातं. शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखी कळ येते आणि पुढे तासभर आग होत राहते, तेव्हा ती बहुतेक वेळा चीर असते, म्हणजे फिशर. बाजूला फोड येऊन पू वाहतो, बरा होतो आणि पुन्हा येतो, ते भगंदर. आणि मोठ्या आतड्यातल्या गाठीतून येणारं रक्तही लालच दिसू शकतं. मूळव्याधीचा कर्करोग होत नाही, ती भीती मनातून काढून टाका. पण कर्करोगाचं रक्त मूळव्याधीच्या नावावर खपवून दोन-दोन वर्षं घरगुती उपाय करणारी माणसं असतात, आणि अडचण तिथे आहे. तुमचं वय चाळिशीपुढचं, त्यात हिमोग्लोबिन 9.4. रोज चार-सहा थेंब पडून रक्त एवढं कमी होतं का, की पाळीत जास्त जातं, की आणखी कुठून जातं, हे पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. आम्हीही नाही.

तपासणी वाटते तेवढी मोठी नसते. डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, डॉक्टर हातमोजा घालून बोटाने पाहतात आणि मग प्रॉक्टोस्कोप नावाची बोटभर लांबीची नळी आत घालून बघतात. दोन-तीन मिनिटांत होतं. भूल लागत नाही, थोडं अवघडल्यासारखं होतं एवढंच. तासगावच्या ग्रामीण रुग्णालयात विचारता येईल. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय तर तुमच्या कामाच्या गावातच आहे, तिथे सर्जरीच्या बाह्यरुग्ण विभागात जा. स्त्री डॉक्टर आहेत का, हे केसपेपर काढतानाच विचारा. नसल्या तरी तपासताना परिचारिका किंवा तुमच्या सोबतची बाई खोलीत हवी असं स्पष्ट सांगा. तसं मागणं तुमचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर ही म्हण आपल्याकडे उगाच नाही, पण इथे डॉक्टर जावई नाही. रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि पाळीच्या तारखा सोबत ठेवा. दुर्बिणीने आतडं पूर्ण तपासायचं का, ते डॉक्टर हिमोग्लोबिन पाहून ठरवतील. तपासायचं म्हटलं तर टाळू नका.

ही तारीख येईपर्यंत आणि त्यानंतरही घरी करायचं बरंच आहे. ते आजपासून सुरू करा.

मोड म्हणजे अंगात नव्याने उगवलेलं काही नव्हे. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. मुख्य तीन जागी असतात आणि दार नीट मिटायला मदत करतात. वर्षानुवर्षं कुंथून, जास्त वेळ बसून, गरोदरपणातल्या दाबाने त्यांना धरून ठेवणारे धागे सैल होतात. मग गादी फुगते आणि खाली घसरते. वरून घट्ट मळ गेला की तिची नाजूक साल खरवडली जाते आणि रक्त पडतं. त्या आतल्या भागाला दुखण्याची जाणीवच नसते, म्हणून कळ येत नाही. आता बघा, बाहेरून मलम लावून सैल झालेला धागा घट्ट होणार आहे का? मलमाचं काम खाज आणि आग कमी करण्यापुरतं. गादीवरचा भार कमी करायचा तर मळ मऊ हवा, बसायची वेळ कमी हवी आणि कुंथणं बंद हवं.

पत्रात तुम्ही तुमची सकाळ सविस्तर लिहिलीत, ते फार बरं केलंत. खरी गोम तिथेच आहे. साडेपाचला उठता, चहा घेता, पाऊण तासाने कळ येते, पण तेव्हा तव्यावर पोळी असते. "डबे झाले की जाऊ" म्हणून ती दाबता. पावणेआठला जाता तेव्हा कळ गेलेली असते, बाहेर कुणीतरी कडी वाजवत असतं, एसटी निघायला आलेली असते. मग जोर लावता. चहा किंवा नाश्ता पोटात गेल्यावर मोठं आतडं आपसूक हलतं. दिवसातली ही सगळ्यात ताकदीची हालचाल, आणि नेमकी तीच तुम्ही रोज वाया घालवता. दाबून ठेवलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं आणि पाऊण-एक तासात तो आणखी कोरडा होतो. असं महिनोनमहिने केलं की कळ येणंच मंदावतं.

तेव्हा सकाळचा क्रम फिरवा. उठल्याबरोबर एक फुलपात्र कोमट पाणी, लगेच चहा आणि सोबत काहीतरी खाणं, मग अगदी रात्रीची अर्धी भाकरी असली तरी चालेल. त्यानंतर वीसेक मिनिटांनी संडासला जायचं, कळ येवो न येवो. कणीक रात्रीच भिजवून ठेवा, भाजी चिरून ठेवा. आणि ती वीस मिनिटं पोळ्या घरातल्या दुसऱ्या कुणी लाटल्या तर आभाळ कोसळत नाही. नकाशे निघाले तरी खाता येतात.

आत गेल्यावर तीन मिनिटं, फार तर पाच. झालं नाही तर उठा, पुन्हा कळ आली की जा. मोबाइल बाहेर ठेवा. त्यात डोकं गेलं की पंधरा मिनिटं कधी झाली कळत नाही, आणि तेवढा वेळ त्या गाद्या आधाराशिवाय लोंबत रक्ताने भरत राहतात. देशी संडास असेल तर बैठक मुळातच चांगली आहे, पण तिथेही जास्त वेळ उकिडवं बसणं वाईटच. कमोड असेल तर पायाखाली सात-आठ इंच उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या, कोपरं मांड्यांवर टेकून थोडं पुढे वाका. जोर लावायचाच झाला तर श्वास कोंडून लावू नका. तोंड उघडं ठेवून, चुलीवर फुंकर घालतो तसा हळू श्वास सोडत पोट पुढे येऊ द्या. श्वास कोंडून कुंथलं की सगळा दाब थेट त्या सैल गाद्यांवर येतो. आणि शेवटचा कण बाहेर पडेपर्यंत थांबायची सवय सोडून द्या. फुगलेल्या मोडामुळेच अजून काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं, आणि त्याला मळ समजून माणूस कुंथत बसतो.

आता खाणं. प्रौढ माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा, म्हणजे फायबर, लागतो. तुम्ही लिहिलेला दिवस मोजून पाहिला: सकाळी पोहे, डब्यात मैद्याच्या चाळणीने चाळलेल्या पिठाच्या तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, दुकानात चार वाजता भडंग, रात्री आमटी-भात. हे सगळं मिळून कसंबसं चौदा-पंधरा ग्रॅम भरतं. म्हणजे निम्मं. तिखट बंद करून यात एका ग्रॅमचाही फरक पडणार नाही. तिखटाने मूळव्याध होत नाही. चीर असेल किंवा कोंब सोलवटला असेल तर मिसळीचा झणका दुसऱ्या दिवशी जाणवतो हे खरं, तेवढे दिवस हात आवरा. पण तिखट सोडून बिनचोथ्याचं खात राहिलात तर काही साधणार नाही.

बदल आपल्याच स्वयंपाकघरातले आहेत. शाळूची, म्हणजे ज्वारीची, एक मध्यम भाकरी साधारण 70 ग्रॅम पिठाची होते आणि तिच्यात सात ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. अशा दोन दिवसातून बसवा. एक डब्यात जाईल, गार झाली तरी चिवट होऊ नये म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवा. पोळ्या करायच्या तर गव्हाचं पीठ चाळू नका, चाळणीत जो कोंडा उरतो तोच आपल्याला हवा आहे. मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ पाच ग्रॅम देते. मेथी, पोकळा, तांदळी, जी पालेभाजी बाजारात असेल तिची एक वाटी तीनेक ग्रॅम. बियांसकट एक पेरू पाच ते आठ ग्रॅम, त्यामुळे हंगामात दुसरं फळ शोधायची गरजच नाही. जवसाची चटणी एक मोठा चमचा म्हणजे अडीच ग्रॅम, भाकरीबरोबर सहज जाते. झाले तीस.

बेदाण्याबद्दल एक बोलतो, बेदाणा पिकवणाऱ्या तासगावकरांनी राग मानू नये. रात्री भिजवलेले वीस बेदाणे खाऊन मूळव्याध बरी होते असं सर्रास सांगितलं जातं. वीस बेदाण्यांत चोथा जेमतेम अर्धा ग्रॅम. गोड म्हणून खा, मधुमेह नसेल तर भरपूर खा, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा सुरण बरा. आयुर्वेदात त्याला अर्शोघ्न म्हणजे मूळव्याध मारणारा म्हणतात. कोंब काही तो विरघळवत नाही, पण पोटाला चांगला आहे. सोलताना हाताला तेल लावा आणि शिजवताना चिंच किंवा आमसूल घाला, नाहीतर घशाला खाजेल आणि सुरणाचं नाव कायमचं टाकाल.

हे सगळं एकदम सुरू करू नका. दोन दिवसांत पंधरावरून तीसवर गेलात तर पोट फुगेल, वायू धरेल आणि तुम्ही चौथ्या दिवशी सोडून द्याल. तीन-चार दिवसांनी एकेक बदल करा, दोन आठवड्यांत पूर्ण दिवस बसेल. गुरुवारचा उपवास सोडायला सांगत नाही, पण त्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी सोडा. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो आणि शुक्रवारी खडा ठरलेला. राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, शेंगदाण्याची आमटी आणि फळं यांवर उपवास तितकाच पाळला जातो.

चोथा वाढवला आणि पाणी वाढवलं नाही तर मळ आणखी कडक होतो. इथे तुमच्या दुकानाची अडचण येते. तुम्ही लिहिता, दुकानातलं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतकी माणसं कामाला असतील तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मालकाला स्वच्छतागृहाची सोय करावीच लागते. चौघी-पाचजणींनी मिळून साफसफाईचा विषय काढा, एकटीने काढू नका. ते होईपर्यंत दोन फुलपात्री घरून निघण्याआधी, एक लिटरची बाटली दुकानात दुपारी तीनपर्यंत थोडी-थोडी करत आणि बाकी घरी आल्यावर, असं दोन-सव्वादोन लिटर जमवा. ताक, पातळ आमटी, सोलकढी यांतही पाणी मोजलं जातं. चहा मात्र दोनदाच.

खाण्यातून पुरेसा चोथा जाईपर्यंत इसबगोल घ्या. उपाय साधा आहे, पण बहुतेक लोक तो चुकीच्या पद्धतीने घेतात. चहाचे दोन शिगोशीग चमचे भुसा, म्हणजे अंदाजे पाच ग्रॅम, मोठ्या ग्लासभर म्हणजे 250 मिलिलिटर पाण्यात टाका, ढवळा आणि फुगायच्या आत लगेच प्या. वरून अर्धा ग्लास साधं पाणी. चमचाभर भुसा घोटभर दुधातून गिळून लगेच आडवं होण्याची जी पद्धत आहे, तिने फायदा तर होत नाहीच, उलट भुसा घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. म्हणून घेतल्यावर निदान तासभर झोपायचं नाही. पहिले चार दिवस एकच चमचा, मग दोन. दहा दिवसांनी लागला तर सकाळीही एकदा. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्याच सकाळी काही झालं नाही म्हणून डबा कोपऱ्यात टाकू नका. गिळायला त्रास असणाऱ्यांनी किंवा आतड्याला कधी अडथळा झालेल्यांनी तो घेऊ नये. स्वाद घातलेल्या पाकिटांत बहुधा साखर असते, साधा भुसा आणा.

लोहाच्या गोळ्यांचं चक्र समजून घ्या. रक्त जातं म्हणून गोळी, गोळीने मळ घट्ट, घट्ट मळाने पुन्हा रक्त. म्हणून गोळी बंद करायची नाही, खडा सोडवायचा. इसबगोल आणि लोहाची गोळी एकत्र घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. संध्याकाळी घरी आल्या आल्या पावणेआठला इसबगोल, आणि गोळी झोपायच्या आधी दहाला, असं बसवता येईल. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. तरीही पोट घट्ट राहिलं तर गोळी एक दिवसाआड घेता येईल का किंवा दुसऱ्या प्रकारची मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बदलू नका. लोहामुळे मळ काळपट-हिरवट होतो, त्याने घाबरायचं नाही. डांबरासारखा चिकट, घाण वासाचा काळा मळ मात्र वेगळा. तसा झाला तर त्याच दिवशी रुग्णालय.

इसबगोलने आठवड्याभरात भागलं नाही तर औषधाच्या दुकानात लॅक्ट्युलोजचं सरबत मिळतं, रात्री 15 मिलिलिटर. ते मळात पाणी धरून ठेवतं. सोनामुखी असलेली चूर्णं आणि एरंडेल रोजची सवय म्हणून नकोत. त्यांनी पोटात पिळा पडतो, पातळ होतं, मग दोन दिवस काहीच होत नाही आणि माणूस पुन्हा चूर्णाकडे वळतो. आणि वारंवार पातळ होणं हेही मूळव्याधीला खड्याइतकंच वाईट. पिकलेल्या केळ्यासारखा मऊ, अखंड, जोर न लावता सुटणारा मळ आपल्याला हवा आहे.

शेक घ्यायची पद्धत अशी. घरात एक रुंद प्लास्टिकचं घमेलं किंवा टब फक्त याच कामासाठी ठेवा. त्यात चार-पाच बोटं खोल कोमट पाणी घ्या. बंबातलं कढत पाणी आणि गार पाणी मिसळून मनगट बुडवून बघा. तान्ह्या बाळाला चालेल इतकंच ऊन हवं. त्यात बूड टेकवून बसा, पाय बाहेर. उकिडवं बसून शेक घेतला तर स्नायू ताणलेलेच राहतात आणि उपयोग अर्धा होतो. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर कमोडवर ठेवायचा सिट्झ बाथचा टब सर्जिकल दुकानात मिळतो. दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा: एकदा सकाळी शौचानंतर, जमेल तेवढा, आणि एकदा रात्री निवांत. पाण्यात मीठ, तुरटी, डेटॉल, पोटॅश काही घालायचं नाही. दुखणं कमी होतं ते उबेमुळे आणि सैल पडलेल्या स्नायूमुळे. ही द्रव्यं फक्त साल कोरडी करतात आणि खाज वाढवतात. नंतर जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपून घ्या, पुसू नका.

खाजेचं बरंचसं कारण ओल आणि साबण हेच असतं. तिथे साबण लावायचाच नाही, पाणी पुरे. स्वच्छ वाटेना म्हणून पाच-पाच वेळा घासून धुणाऱ्यांची खाज कधीच थांबत नाही. सुती अंतर्वस्त्र वापरा, घामाने ओलं झालं की बदला. शौचाला जायच्या आधी वाटाण्याएवढं पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल तोंडाशी लावलं तर मळ घासत नाही. आपल्याकडे घरोघरी हळद असते म्हणून तिचा लेप सुचवला जातो. जखमेवर कोरडी पूड घासली जाते, शिवाय रंगामुळे किती रक्त पडतंय तेही कळेनासं होतं. ती आमटीतच राहू द्या.

मलमाचं विचारलंत. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध असलेलं मलम आग-खाज असेल तेवढ्यापुरतं, दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त सात दिवस. दुकानदार बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब देतो. ती आठवड्यापुढे वापरली तर तिथली कातडी पातळ होते आणि सहज फाटते, तेव्हा वेष्टनावरची नावं वाचून घ्या. दुखलं तर पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक गोळी, गरज पडली तर सहा तासांनी पुन्हा. अंगदुखीसाठी घेतो त्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनच्या गोळ्या रक्त जात असताना नकोत, त्यांनी ते वाढतं.

कधी जोर लावल्यानंतर किंवा जड गठ्ठा उचलल्यानंतर कडेला एकाएकी निळसर, टणक, वाटाण्याएवढी गाठ येऊन प्रचंड ठणकते. बाहेरच्या शिरेत रक्त गोठल्याची ही खूण. पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात, मग ठणका आपोआप उतरतो, गाठ विरायला काही आठवडे लागतात. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं दिवसातून तीन-चारदा, पॅरासिटामॉल आणि मऊ मळ एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. ठणका असह्य असेल तर पहिल्या 72 तासांतच सर्जनकडे जा, तेव्हाच छोटा छेद देऊन गाठ काढण्यात अर्थ असतो. सुईने घरी फोडायला जाऊ नका.

आता सासूबाईंचा कापूर. त्यांची माया समजते, पण हा उपाय या रविवारपासून बंद. कापूर पोटात गेला तर तो विषासारखा काम करतो. मळमळ, उलट्या आणि जास्त गेला तर झटके येतात. पूजेची वडी तर बहुधा टर्पेंटाइनपासून कारखान्यात केलेली असते. घरात लहान मूल असेल तर ती वडी त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, मुलांना अगदी थोडासाही कापूर जीवघेणा ठरू शकतो. सासूबाईंना सांगा, केळं चालेल, कापूर देवापुढे. दुधात लिंबू पिळून पिण्याने अपाय नाही, उपयोगही नाही. लसणाची पाकळी आत सरकवण्याने मात्र आतली साल भाजते.

शेजारणीने दिलेला पत्ता फाडून टाका. मोडात इंजेक्शन देण्याची वैद्यकीय पद्धत आहे, पण औषध कोणतं, किती आणि नेमक्या कुठल्या थरात, यावर सगळं अवलंबून असतं. बिनपदवीचा माणूस भलतंच जळजळीत द्रव्य टोचतो आणि ते खोल गेलं की मांस सडतं, पू होतो, दार आकसून बारीक होतं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. क्षारसूत्रासारखी, म्हणजे औषधी लेप दिलेला दोरा बांधण्याची, आयुर्वेदातली पद्धतही शल्यतंत्राचं (शस्त्रक्रियेचं) पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्याकडूनच करून घ्यायची असते.

ऑपरेशनची भीती वाटते म्हणून सांगतो. कोंब बाहेर येतच नाही, फक्त रक्त पडतं, ती पहिली पायरी. येतो आणि आपोआप जातो, ती दुसरी. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची दुसरी असावी, नक्की तपासणीत कळेल. या दोन्ही पायऱ्यांवर वर लिहिलेल्या गोष्टींनी बहुतेकांना आराम पडतो. बोटाने आत ढकलावा लागतो ती तिसरी पायरी, ढकलूनही जात नाही ती चौथी. घरगुती उपायांनी नाही भागलं तर पहिल्या तीन पायऱ्यांत बऱ्याचदा रबरी बँड लावून काम होतं. मोडाच्या मुळाशी छोटा बँड चढवतात, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आठवडा-दहा दिवसांत तो वाळून गळून पडतो. दाखल व्हावं लागत नाही. कापून काढायची शस्त्रक्रिया लागणारे त्यामानाने थोडे.

मळ मऊ व्हायला दोन-चार दिवस, खाज उतरायला आठवडा-दोन आठवडे आणि रक्त थांबायला चार ते सहा आठवडे धरा. मधेच एखाद्या दिवशी थेंब दिसला म्हणून धीर सोडू नका. कॅलेंडरवर रक्त पडलेल्या दिवशी एक टिंब करत जा, डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो. रक्त मळात मिसळून किंवा गाठी होऊन येऊ लागलं, उठताना चक्कर आली, वजन उतरू लागलं, पोटाची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदलली, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर ही चार-सहा आठवड्यांची मुदत धरायची नाही. बाहेर आलेला कोंब अडकून काळानिळा पडला, किंवा ताप येऊन तिथे ठणका लागला आणि लघवी अडली, तर रात्र असली तरी निघायचं. हिमोग्लोबिन महिन्याभराने पुन्हा तपासा. वाढलं तरी लोहाच्या गोळ्या लगेच थांबवू नका. साठा भरून यायला पुढे आणखी दोन-तीन महिने लागतात, किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.